इंजिनिअरिंगनंतर इंटरनॅशनल सिक्युरिटी : नक्की शिकतात काय?

"ताई, तू एम.एस. केलंस ना? कशात?" या प्रश्नाला मी "इंटरनॅशनल सिक्युरिटी अँड पब्लिक पॉलिसी" असं उत्तर देते आणि समोरचा ज्युनिअर दोन सेकंद गप्प होतो. मग हळूच विचारतो, "म्हणजे सायबर सिक्युरिटी का?" नातेवाइकांची प्रतिक्रिया याहून भारी. आमच्या एका काकांना बरेच दिवस वाटत होतं, की मी वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचा कोर्स करायला अमेरिकेला गेलेय. आईचा प्रश्न मात्र सगळ्यात अवघड होता. "ते सगळं ठीक आहे गं, पण हे शिकून तू नक्की होणार कोण?"

मासिकाच्या मराठी विभागाने लेख मागितला तेव्हा ठरवलं, की या तिघांना एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकावं. परदेशातला बर्फ, पहिल्यांदा केलेला वरण-भात आणि रूममेटचे किस्से यावर दर अंकात एक लेख असतोच. तो यंदाही कोणीतरी लिहील. मी लिहिणार आहे ते अभ्यासाबद्दल. या विषयात शिकवतात काय, आपल्यासारख्या ईएनटीसीवाल्यांना त्यातलं काय जमतं, काय जड जातं, आणि शेवटी अर्थातच पैशाचा हिशोब.

नावाचे दोन भाग आहेत. आंतरराष्ट्रीय सुरक्षा हा एक आणि सार्वजनिक धोरण हा दुसरा. पहिल्या भागात देश एकमेकांशी का भांडतात, शस्त्रं का जमवतात, युद्ध कशामुळे पेटतं आणि कशामुळे टळतं, हे येतं. दुसऱ्या भागात सरकार निर्णय कसं घेतं, समोरच्या चार पर्यायांतला कुठला निवडावा, त्याचे पैसे कोण भरणार, आणि कागदावरचा निर्णय प्रत्यक्षात का उतरत नाही, हे येतं. बऱ्याच विद्यापीठांत हे दोन वेगळे अभ्यासक्रम असतात. काही ठिकाणी दोन्ही एकत्र शिकता येतात. मी तसंच केलं.

पहिल्या सेमिस्टरला सुरक्षेच्या तासाला जी पहिली संकल्पना आली ती 'सिक्युरिटी डिलेमा'. जॉन हर्झ यांनी १९५० साली हा शब्दप्रयोग केला आणि रॉबर्ट जर्विस यांच्या १९७८ च्या लेखामुळे तो विषयाच्या मध्यभागी आला. वर्गात जर्मनी आणि रशियाची उदाहरणं चालली होती, पण मला आठवला आमच्या गावचा बांध. बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी. दोघांच्याही मनात काही वाईट नाही. एकाने रानडुकरांसाठी म्हणून रात्रीचा राखणदार ठेवला. दुसऱ्याला वाटलं, हा रात्रीत बांध कोरणार. त्याने दोन गडी आणले. आता पहिल्याची खात्रीच पटली, की याच्या मनात काहीतरी आहे. दोघांनीही केलं ते स्वतःच्या रक्षणासाठी, आणि दोघंही आधीपेक्षा जास्त असुरक्षित झाले. जर्विस यांचा पुढचा मुद्दा इंजिनिअरला लगेच कळतो. बचावाचं साधन आणि हल्ल्याचं साधन दिसायला वेगळं असेल तर ही गाठ सुटू शकते. राखणदाराच्या हातात कंदील आहे की कुदळ, हे पलीकडून दिसलं पाहिजे. अडचण अशी, की क्षेपणास्त्र, उपग्रह, सॉफ्टवेअर या वस्तू लांबून पाहिल्या तर कंदील आणि कुदळ एकसारख्याच दिसतात. त्या आतून ओळखू शकणारी माणसं या क्षेत्रात कमी आहेत, आणि आपल्याला जागा आहे ती तिथे.

आता एक उदाहरण सविस्तर सांगते. कारण हे आपल्या मायक्रोप्रोसेसरच्या पेपरातही येऊ शकलं असतं आणि आमच्या धोरणाच्या वर्गातही आलं.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध चालू होतं. सौदी अरेबियातल्या धहरान इथे अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर इराकचं स्कड क्षेपणास्त्र पडलं आणि २८ सैनिक मेले. तिथे संरक्षणाला पॅट्रियट यंत्रणा होती. ती बिघडलेली नव्हती, बंदही नव्हती. तरी तिने येणाऱ्या स्कडवर काहीच सोडलं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने पुढच्या वर्षी अहवाल दिला, त्यात कारण आहे. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचा दहावा भाग हे एकक धरून पूर्णांकात मोजायचं. सेकंद काढायला त्या आकड्याला एक दशांशाने गुणायचं. आणि एक दशांश बायनरीत लिहिला तर तो कधी संपतच नाही, हे आपण सेकंड इयरला शिकतो. रजिस्टर २४ बिटचं. उरलेले बिट कापले गेले. एका ठोक्याला चूक साधारण ०.०००००००९५ सेकंद. हसण्यावारी नेण्यासारखी. पण ती यंत्रणा त्या दिवशी सलग १०० तासांहून जास्त चालू होती. १०० तासांत ठोके झाले ३६ लाख. गुणून बघा. चूक येते सुमारे ०.३४ सेकंद. स्कडचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त. म्हणजे रडार ज्या जागी लक्ष्य शोधत होतं तिथून ते अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब होतं. 'लक्ष्य नाही' असं समजून यंत्रणेने ते सोडून दिलं.

इथपर्यंतची गोष्ट इंटरनेटवर कुठेही सापडेल, आणि न्यूमरिकल मेथड्सचे सर लोक ती आवडीने सांगतात. आमच्या वर्गात ती इथून पुढे सुरू झाली. इस्रायलकडेही या यंत्रणा होत्या. जास्त वेळ चालू ठेवल्यावर नेम ढळतो, ही माहिती त्यांच्या नोंदींवरून ११ फेब्रुवारीला अमेरिकन अधिकाऱ्यांना मिळाली होती. १६ फेब्रुवारीला दुरुस्त सॉफ्टवेअर तयार झालं. २१ तारखेला सगळ्या तुकड्यांना संदेश गेला, की यंत्रणा 'फार वेळ' चालू ठेवल्यास अडचण येऊ शकते. फार वेळ म्हणजे किती? आठ तास, वीस तास, शंभर तास? ते लिहिलेलं नव्हतं. यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली असती तर घड्याळ शून्यावर आलं असतं, आणि त्याला लागतात एक-दीड मिनिटं. पण हे कोणी कोणाला सांगितलं नाही. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला. म्हणजे दुसऱ्या दिवशी.

प्रोफेसरांनी विचारलं, जबाबदार कोण? वर्गात आम्ही दोन-तीन इंजिनिअर होतो. आमचा हात पटकन वर गेला : ज्याने बिट कापले तो. राज्यशास्त्राची मुलं म्हणाली, ज्याने 'फार वेळ' असं मोघम लिहिलं तो. सैन्यातून शिकायला आलेला एक जण म्हणाला, ज्याने ही यंत्रणा जिथे वापरायची नव्हती तिथे वापरायला लावली तो. आणि त्याचं म्हणणं वजनदार होतं. पॅट्रियट मुळात बनली होती ती विमानांविरुद्ध, काही तास एका जागी राहून पुढे सरकण्यासाठी. सलग शंभर तास एकाच जागी राहून स्कड पाडणं हे तिच्या डिझाइनच्या गृहीतकातच नव्हतं. त्या गृहीतकांत बिट कापणं ही चूकच ठरत नाही. माझं मत विचाराल तर मी आजही २१ तारखेच्या त्या संदेशापाशी थांबते. बाकी सगळं आधीच होऊन गेलं होतं. तिथे एक आकडा लिहिला असता तर पुरे होतं.

या विषयात असा विचार करायला एक चौकट देतात. ग्रॅहम अॅलिसन यांचं 'एसेन्स ऑफ डिसिजन' हे १९७१ चं पुस्तक. विषय आहे १९६२ चा क्यूबाचा पेचप्रसंग, जेव्हा रशियाने क्यूबात क्षेपणास्त्रं नेली आणि जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आलं. अॅलिसन तेच तेरा दिवस तीन वेळा सांगतात. एकदा देश म्हणजे एक शहाणा माणूस आहे असं धरून, एकदा देश म्हणजे ठरलेल्या पद्धतीने चालणाऱ्या खात्यांचा समूह असं धरून, आणि एकदा टेबलाभोवती बसून ओढाताण करणारी माणसं असं धरून. दुसरा भाग मला सगळ्यात आवडतो. एवढं गुप्त काम, पण रशियनांनी क्यूबातल्या तळांची मांडणी मायदेशातल्यासारखीच ठेवली, वर झाकलंही नाही. विमानातून काढलेल्या फोटोंत ती ओळखू आली. असा वेडेपणा का? कारण तळ बांधणाऱ्या खात्याकडे तळ बांधायची एक पद्धत होती, आणि त्यांनी तिच्याप्रमाणे तळ बांधला. ज्यांनी आपल्या एक्झाम सेक्शनमध्ये एका सहीसाठी तीन दिवस घालवलेत त्यांना हे मॉडेल समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कारगिलनंतरचं घ्या. १९९९ च्या युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालावर मंत्रिगटाने काम केलं आणि २००१ साली तिन्ही सैन्यदलांसाठी 'चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ' हे पद असावं अशी शिफारस केली. पहिले सीडीएस रुजू झाले १ जानेवारी २०२० ला. अठरा वर्षांहून जास्त. उघडपणे कारगिल विसरा असं कोणीच म्हणत नव्हतं. मग अडलं कुठे, या एका प्रश्नावर अख्खा टर्म पेपर होतो.

धोरणाच्या बाजूला मात्र कोरडा अभ्यास बराच असतो. मायक्रोइकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, रिग्रेशन, खर्च आणि लाभ यांचा ताळा. पहिल्या सेमिस्टरला इथे आपली चलती असते. बाकी मुलं लॉगरिदम बघून घाबरलेली असतात आणि आपण एम-थ्री सोडवून आलेले असतो. दुसऱ्या आठवड्यात पारडं फिरतं, कारण वाचन. आठवड्याला एका विषयाचे शंभर-दीडशे पानं, असे चार विषय, आणि वर्गात बोलण्याला मार्क. आदल्या रात्री 'टेक्निकल'ची गाइडं वाचून पास होण्याची आपली विद्या तिथे चालत नाही.

आणि मेमो. हा प्रकार नीट सांगायला हवा. एक किंवा दोन पानं. वर लिहायचं कोणासाठी आहे : अमुक खात्याचे सचिव. पहिल्याच परिच्छेदात उत्तर. मग कारणं, पर्याय, खर्च, कोण विरोध करेल. आपल्याला सवय असते प्रस्तावना, इतिहास, फायदे, तोटे, उपसंहार अशी. तिथे प्रोफेसर म्हणायचे, की सचिवांना लिफ्टमध्ये वाचायला वेळ आहे, त्यात तुमचा इतिहास बसत नाही.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने आपल्या देशातला एक प्रश्न घेऊन मेमो लिहायचा होता. साल २०१९. मी घेतला तो असा : २० मीटरपेक्षा लहान मच्छीमार बोटींवर त्यांची जागा कळवणारं यंत्र सक्तीचं करावं का?

पार्श्वभूमी सगळ्यांना माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे दहा जण समुद्रातून आले. कराचीहून निघाले, वाटेत 'कुबेर' ही पोरबंदरची मच्छीमार बोट पळवली, आणि शेवटी रबरी होडीतून कुलाब्याला उतरले. १६६ माणसं मेली. त्यानंतर किनारी सुरक्षेत बरंच झालं. फेब्रुवारी २००९ मध्ये समुद्री सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी किनाऱ्यावर रडार बसली. मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. २० मीटर आणि त्याहून मोठ्या बोटींना एआयएस सक्तीचं झालं. राहिल्या त्या लहान बोटी, आणि संख्येने त्याच सर्वांत जास्त.

एआयएस म्हणजे जहाजाने दर थोड्या वेळाने व्हीएचएफवर आपलं नाव, जागा, वेग आणि दिशा जाहीर करणं. हे मुळात आलं टक्कर टाळण्यासाठी, म्हणून ते सगळ्यांना ऐकू येईल असं उघडं आहे. इंजिनिअर म्हणून पहिला प्रश्न : ऐकू येईल ते किती लांबून? व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत जातं. रेडिओ क्षितिजाचं सूत्र आपल्या अँटेनाच्या पेपरात आहे : दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा, किलोमीटर मिळतात. लहान बोटीवर अँटेना ३ मीटरवर, किनाऱ्यावर टेकडीवरचा टॉवर धरून १०० मीटर. उत्तर येतं ४८ किलोमीटर, म्हणजे २६ सागरी मैल. आपली सागरी हद्द १२ मैलांची, तिथवर ठीक. पण आठ-दहा दिवसांसाठी जाणाऱ्या बोटी याच्या कितीतरी पुढे असतात. तिथे उपग्रहच हवा.

इथवर एखाद्याला वाटेल, की झालं, उपग्रहाचं यंत्र बसवा. आता 'कुबेर'कडे परत जाऊ. त्या बोटीवर यंत्र असतं तर पडद्यावर काय दिसलं असतं? पोरबंदरची, नोंदणी असलेली, आपली बोट भारताच्या किनाऱ्याकडे येतेय. म्हणजे हिरवा ठिपका. यंत्र बोट कुठली ते सांगतं. बोटीत कोण आहे ते सांगत नाही. उपयोग झाला असता तो फक्त एका गोष्टीचा : तांडेलाला धोक्याचं बटण दाबता आलं असतं तर, किंवा बोट भलत्या दिशेला का चाललीय असं कोणाच्या लक्षात आलं असतं तर. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री जी 'यंत्रणा' चालली ती माणसांची होती. कुलाब्याच्या कोळी वस्तीतल्या लोकांनी त्या मुलांना उतरताना पाहिलं, हटकलंही. त्यापुढे माहिती कुठे जायला हवी होती, तो रस्ता नव्हता.

डिसेंबरच्या सुट्टीत घरी आले होते, तेव्हा दोन दिवस हर्णैला जाऊन बसले. संध्याकाळचा लिलाव संपल्यावर माणसं जरा मोकळी होतात. एका तांडेलाला यंत्राबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "ताई, मासळी कुठं गावली ते मी सख्ख्या भावाला सांगत नाय, तुमच्या डब्याला कशापायी सांगू?" हा मुद्दा माझ्या कुठल्याही पेपरात नव्हता. एआयएस उघडं आहे म्हणजे शेजारच्या गावच्या बोटीलाही दिसणार. जागेची गुप्तता हे त्याचं भांडवल आहे. सक्ती केली तर तो यंत्र बसवेल, आणि बंदराबाहेर गेल्यावर बंद करून ठेवेल. दुसऱ्या एकाला चिंता होती बॅटरीची. तिसरा म्हणाला, आम्ही पाकिस्तानातून येत नाही, मग आमच्यावर पाळत का?

पण वादळाचा विषय काढला तेव्हा सूर बदलला. २०१७ च्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या बोटींना खोल समुद्रात इशारा पोचलाच नाही. कित्येक जण परतले नाहीत. काही बोटी वाहत-भरकटत आपल्या सिंधुदुर्गात देवगड बंदराला लागल्या, शेकडो खलाशी त्यात होते. कोकणातल्या प्रत्येक बंदरावर ही गोष्ट माहीत आहे. "वादळाचा मेसेज येणार असेल तर बसवा," असं तोच पहिला तांडेल म्हणाला.

म्हणजे डबा तोच. 'तुमच्यावर लक्ष ठेवायला' म्हणून दिला तर समुद्रात बंद होतो, 'तुम्हाला इशारा द्यायला' म्हणून दिला तर चालू राहतो. आणि सुरक्षेच्या दृष्टीने उपयोग फक्त चालू डब्याचाच आहे.

मग पुढचा प्रश्न, आदेश कोण काढणार? राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे, पण सागरी हद्दीपलीकडची मासेमारी केंद्राच्या सूचीत. पोलीस राज्याचे, तटरक्षक दल आणि नौदल केंद्राचं. एकच बोट सकाळी राज्याच्या कक्षेत असते आणि दुपारी केंद्राच्या. त्यामुळे कोणा एका सचिवाला मेमो लिहून भागत नाही, हेही मेमोत लिहावं लागतं. राज्याच्या हातात एक चांगली किल्ली मात्र आहे, ती म्हणजे डिझेलवरचा परतावा. दंड करण्यापेक्षा यंत्र चालू ठेवणाऱ्याचा परतावा लवकर देणं सोपं आणि स्वस्त. मी मेमोत सुचवलं ते एवढंच : यंत्र उपग्रहावर चालणारं आणि दोन्ही बाजूंनी संदेश देणारं असावं, जागेची माहिती इतर बोटींना दिसू नये, पहिला खर्च सरकारने करावा, सक्ती नको पण परताव्याशी जोड हवी, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी काही वेगळं पाहिलं तर ते कोणाला सांगायचं तो रस्ता आधी बांधावा.

पुढे ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला केंद्र सरकारची योजना सुरू झाली. इस्रोने विकसित केलेली दोन्ही बाजूंनी संदेश देणारी उपग्रह यंत्रं १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख मच्छीमार बोटींवर बसवायची, खर्च सुमारे ३६० कोटी. म्हणजे बोटीमागे ३६ हजार. माझा मेमो वाचून हे झालं नाही, हे सांगायला नकोच. तो प्रोफेसरांशिवाय कोणी वाचला नाही आणि त्यांनी त्याला ए मायनस दिला. 'मायनस' लांबी एका पानाने जास्त झाली म्हणून.

आता व्यवहार. पदव्यांची नावं गोंधळात टाकतात. एमपीपी आणि एमपीए या धोरणाच्या दोन वर्षांच्या पदव्या. सिक्युरिटी स्टडीजचं एम.ए. वेगळं; जॉर्जटाउनचं प्रसिद्ध आहे, लंडनला किंग्ज कॉलेजच्या वॉर स्टडीज विभागात असे अभ्यासक्रम एका वर्षाचे आहेत. ज्यांना इंजिनिअरिंग अजिबात सोडायचं नाही त्यांनी कार्नेगी मेलनचा इंजिनिअरिंग अँड पब्लिक पॉलिसी विभाग बघावा. प्रिन्स्टनमध्ये विज्ञान आणि जागतिक सुरक्षा यावर काम करणारा गट आहे, तिथे अणुशस्त्रांची तपासणी कशी करावी यावर भौतिकशास्त्राची माणसं काम करतात. देशात शिकायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे. आपल्याच शहरांत असून आपल्या कॉलेजच्या पोरांना तो माहीत नसतो. दिल्लीला जेएनयू, बंगळूरला निआस, आणि धोरणासाठी आयआयटी मुंबईचं सेंटर फॉर पॉलिसी स्टडीज. आणि पंचवीस वर्षांच्या आतल्यांसाठी लॅम्प फेलोशिप : पीआरएस ही संस्था तुम्हाला जवळजवळ वर्षभर एका खासदाराबरोबर संसदेच्या कामाला लावते. हा विषय आपल्याला झेपतो का हे बघायला दोन वर्षं आणि कर्ज घालण्यापेक्षा ते बरं.

कर्जावरून आठवलं. एम.एस. इन कॉम्प्युटर सायन्स म्हटलं की बँकेतली खुर्ची पुढे सरकते. माझ्या अर्जावर एका बँकेत साहेबांनी कोर्सचं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "यात प्लेसमेंट कशी असते?" बाबा शेजारी बसले होते. घरी आल्यावर त्यांनीही तेच विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत : चार वर्षं ईएनटीसीची फी भरली ती यासाठी का? कर्ज शेवटी दुसऱ्या बँकेने दिलं.

प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचं उत्तर सरळ देते. अमेरिकेत खासगी विद्यापीठात नुसती फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढे जाते. इंजिनिअरिंगच्या एम.एस.ला जशी असिस्टंटशिप मिळते तशी इथे सहज मिळत नाही. प्रिन्स्टनच्या एमपीएला फी माफ असते, पण जागा मोजक्या. मी सरकारी विद्यापीठ निवडलं, दुसऱ्या वर्षी स्टॅटिस्टिक्स शिकवायला मदत करून निम्मी फी सुटली. मुंबईच्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून आहे, तिचा अर्ज जरूर करा.

आणि जे माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत ते : या विषयातल्या अमेरिकेतल्या बऱ्याच नोकऱ्या, म्हणजे सरकारी खाती, राष्ट्रीय प्रयोगशाळा, संरक्षण कंपन्या, नागरिकांसाठीच असतात. गुप्ततेची परवानगी लागते, ती परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. माझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलांना मे महिन्यात ऑफर होत्या. आम्हा परदेशी मुलांना थिंक टँक, सल्लागार कंपन्या, आंतरराष्ट्रीय संस्था, आणि तंत्रज्ञान कंपन्यांतली धोरणाची कामं एवढंच उरतं. व्हिसाचे नियमही दर वर्षी हलतात, ते अर्ज करायच्या आठवड्यात बघा, सिनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका, अगदी माझ्याही. भारतात परत आलात तर दिल्लीची मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था, मुंबईतलं गेटवे हाउस, बंगळूरची तक्षशिला अशी ठिकाणं आहेत. पगार कॅम्पसमधल्या चांगल्या आयटी पॅकेजपेक्षा कमी असतो. मी परत आले. जहाज वाहतुकीच्या धोक्यांचा अंदाज काढणाऱ्या एका कंपनीत काम करते. तांबड्या समुद्रातून जहाज न्यावं की आफ्रिकेला वळसा घालावा, याचे मेमो लिहिते. ते मात्र लोक वाचतात, कारण त्यावर विम्याचा हप्ता ठरतो. कर्जाचे हप्ते अजून दोन वर्षं आहेत. आईला आता शेजारणींना सांगायला एक वाक्य मिळालंय : "ती जहाजांचं बघते."

अर्जाबद्दल एकच. एसओपीत लहानपणापासून देशसेवेची आवड असं लिहू नका, तसे अर्ज तिथे गठ्ठ्याने येतात. एक प्रश्न लिहा, जो तुम्हाला सुटत नाही आणि ज्याचा अर्धा भाग तांत्रिक आहे. जीआरई काही विद्यापीठांनी काढून टाकली, काहींनी ठेवली, आपापल्या यादीप्रमाणे बघा.

ज्यांना हा लेख इथवर वाचवला त्यांच्यासाठी एक गृहपाठ, आमच्या वर्गातल्यासारखाच. त्या एक लाख यंत्रांवर धोक्याचं बटण आहे. समजा दिवसाला हजारातली एक बोट ते चुकून दाबते. जाळं अडकलं, खलाशाचा हात लागला, पोराने खेळताना दाबलं. म्हणजे दिवसाला शंभर खोटे इशारे. त्यात एखादा खरा असेल. तटरक्षक दलाकडे जहाजं मोजकी, आणि प्रत्येक फेरीला इंधन लागतं. बटण अवघड करावं, तर बुडणाऱ्याला दाबता येत नाही. सोपं ठेवावं, तर दोन महिन्यांत किनाऱ्यावरचा ऑपरेटर इशाऱ्याकडे बघायचं सोडून देतो. खोट्या इशाऱ्याला दंड लावावा, तर खरी गरज असलेला तांडेलही आधी विचार करत बसेल. मत्स्यव्यवसाय सचिवांसाठी मेमो लिहा. एक पान. उत्तर पहिल्या परिच्छेदात. मासिकाच्या संपादकांकडे दिलात तर माझ्यापर्यंत पोचेल, आणि लांबी जास्त झाली तर मायनस मीही देणार आहे.